उभ्या गाडीची बॅटरी उतरते? नवी घ्यायच्या आधी करंट कोण खाते ते शोधा

मिरगाच्या तोंडावर आमच्याकडं दरवर्षी एकच तक्रार येते. ट्रॅक्टर उन्हाळाभर गोठ्याच्या बाजूला उभा होता, आता वखर जोडायचा म्हणून चावी फिरवली तर सेल्फ नुसता टक टक करते, डॅशबोर्डचे लाईट मंद होतात आणि विषय संपला. मग चार पोरं बोलवा, धक्का मारा, नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून जंपर लावा. दिवसभर काम केलं की संध्याकाळी बरा चालू होते, पण पुन्हा काही दिवस उभा राहिला की तेच. मग माणूस वैतागून तालुक्याले येतो आणि दुकानात पाय ठेवल्याबरोबर म्हणतो, "भाऊ, बॅटरी गेली वाटते, नवी देऊन टाक."

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. ट्रॅक्टर, पिकअप, जीप, कार, सगळ्यांची वायरिंग, सेल्फ, डायनामो. बॅटरी विकली तर मलाही दोन पैसे सुटतात, तरी सांगून राहिलो की नवी बॅटरी ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. गाडीत करंट खाणारं काही असलं तर नवी बॅटरी पण तशीच उतरणार, फक्त ताजी असल्यामुळं पहिले काही दिवस जास्त टिकते म्हणून वाटते की काम झालं. वरून एक नुकसान अजून होते, बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग चार्जिंगला लावून पण ती पूर्ण भरत नाही. म्हणजे कास्तकाराचे पाच-सात हजार गेले, नवी बॅटरी खराब झाली आणि चोर गाडीतच बसून आहे. हे मला पाहवत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलो, वेळ काढून वाचा.

पहिले स्वतःला एक प्रश्न विचारा, गाडी किती वेळ उभी राहिली की बॅटरी बसते? हे कोणी नीट सांगत नाही, सगळे म्हणतात "उभी राहिली की उतरते", पण अर्धं उत्तर इथंच आहे. हिशोब साधा आहे. समजा बॅटरी ८० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर ८० तास देईल एवढी) आहे, चांगली आहे, पूर्ण भरलेली आहे. अर्ध्याच्या खाली गेली की डिझेल इंजिनचा सेल्फ ओढायला ती कुरकुर करते, म्हणजे आपल्या हातात ४० एएच. उभ्या गाडीत ५० मिलिअँपिअर जात असलं तर दिवसाला १.२ एएच, म्हणजे महिनाभर काही होत नाही. ३०० मिलिअँपिअर जात असलं तर दिवसाला ७ एएचच्या वर, पाच-सहा दिवसांत खेळ संपला. आणि एका रात्रीत पूर्ण भरलेली बॅटरी बसवायची असली तर तीन-चार अँपिअर जायला पाहिजे, एवढा करंट म्हणजे कुठंतरी लाईट जळून राहिला, नाहीतर रिले (करंटवर चालणारा स्विच) चिकटली, नाहीतर डायनामोतून परत जाऊन राहिला. रात्रीत बसते पण करंट मोजायच्या मीटरवर तर काहीच जाताना दिसत नाही, असं असलं तर मग बॅटरीच आतून गेली आहे किंवा ती कधी भरतच नव्हती. आता तुम्हीच पहा, "एका रात्रीत" आणि "पाच दिवसांत" या दोन तक्रारींचं कारण किती वेगळं असते, आणि दोघांनाही गल्लीत एकच सल्ला मिळते, बॅटरी बदला.

दुसरं काम, मीटर नसलं तरी करता येते. बॅटरी चार्जिंगला लावून पूर्ण भरून घ्या. घाईत बूस्ट मारून नाही, एएचच्या दहाव्या हिश्शाच्या करंटवर, म्हणजे ८० एएचला आठ अँपिअरच्या आसपास, रात्रभर. गाडीत बसवा, गाडी नेहमी जिथं उभी करता तिथं उभी करा आणि मायनसची तार काढून ठेवा. प्लस नाही, मायनस. प्लसचा नट खोलताना पाना बॉडीला लागला तर जी ठिणगी उडते तिच्यानं पाना वितळल्याचं मी पाहिलं आहे, आणि बॅटरीवर हायड्रोजन गॅस असते, ते वेगळं. नेहमी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बिडी-सिगारेट दूर.

आता जेवढ्या दिवसांत ती नेहमी बसते तेवढे दिवस तार तशीच काढून राहू द्या. मग तार लावून सेल्फ मारा. झपकन चालू झाली तर बॅटरी निर्दोष आहे, चोर गाडीत आहे. तार काढलेली असून पण बसली तर बॅटरीच आतून स्वतःला खाऊन राहिली. एवढ्या एका परीक्षेनं निम्मं काम होऊन जाते, आणि खर्च शून्य. नव्या कारमध्ये तार काढली की घड्याळ शून्यावर येते, काही टेप कोड मागतात, तेवढं ध्यानात ठेवा.

बॅटरीवर संशय आला तर खाने (आतले सहा वेगळे सेल) तपासा. झाकणं उघडणारी बॅटरी असली तर हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक खान्यातलं पाणी ओढून पहा. भरलेल्या बॅटरीत आपल्या भागात साधारण १२४० ते १२७० दाखवते, बाराशेच्या खाली म्हणजे उतरलेली. पण आकड्यापेक्षा फरक पहा. पाच खाने १२५० दाखवून राहिले आणि एक ११५० वर आहे तर तो खाना मेला, ती बॅटरी कितीही चार्ज करा, काही उपयोग नाही, वॉरंटीत असली तर बिलासकट दुकानदाराकडं घेऊन जा. झाकण न उघडणारी असली तर मीटरनं व्होल्टेज पहा, पण चार्जिंगवरून काढल्याबरोबर नाही, निदान चार-पाच तास राहू द्या, काऊन की चार्जिंग नुकतंच थांबलं असलं तर आकडा खोटा फुगलेला असते. शांत बसलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवली म्हणजे भरली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, आणि साडेदहाच्या आसपास आकडा अडकला असला तर समजून जा की एक खाना शॉर्ट आहे. सेल्फ मारताना पण पहा, आकडा साडेनऊच्या खाली घसरायला नको.

इथं एक भानगड सांगतो, बऱ्याच गाड्यांत बॅटरी उतरतच नाही, ती भरतच नाही. गाव ते फाटा, फाटा ते गाव, चार-पाच किलोमीटरची फेरी, मधात पाच वेळा बंद-चालू, रात्रीची असली तर हेडलाईट आणि टेप जोरात. सेल्फनं जेवढं ओढलं तेवढं पण परत जात नाही. गाडी चालू करा, रेस थोडी चढवा, हेडलाईट लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, पावणेचौदा ते साडेचौदा पाहिजे. तेराच्या आसपासच रेंगाळून राहिलं तर फॅन बेल्ट ढिला आहे का पहा, मग कटआऊट (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर), मग डायनामोचे कार्बन ब्रश. पंधरा दाखवलं तर उलट रोग, जास्त चार्ज होऊन पाणी उडून राहिलं. आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असली, अर्थिंगची पट्टी इंजिनला जिथं बोल्ट केली आहे तिथं गंज आणि माती असली तर बॅटरी भरलेली असून पण सेल्फ मरगळते. बॅटरीचा मायनस आणि इंजिनची कोरी जागा यांच्यात मीटर लावून सेल्फ मारा, अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग साफ करा. बोल्ट काढून पॉलिश पेपर मारला, वरून ग्रीस लावलं, एवढ्यात गाड्या बऱ्या झालेल्या आहेत ज्यांच्या मालकानं नवी बॅटरी बुक करून ठेवली होती.

बॅटरीची वरची बाजू हा अजून एक लपलेला चोर. आपल्याकडं धूळ काय असते ते सांगायला नको, थ्रेशरचं कुटार, रोटावेटरची माती, त्यावर खान्यातून उडालेलं ॲसिड, झाली चिकट पापडी तयार. या पापडीतून प्लसकडून मायनसकडं हळूहळू करंट जाते. विश्वास बसत नसला तर मीटर व्होल्टवर ठेवा, काळी कांडी मायनस टर्मिनलवर आणि लाल कांडी प्लास्टिकवर, टर्मिनलवर नाही, नुसत्या डब्याच्या वरच्या भागावर फिरवा. एक-दीड व्होल्ट दिसते कधी कधी. प्लास्टिकवर व्होल्टेज कुठून आलं? खायचा सोडा पाण्यात टाकून जुन्या ब्रशनं घासा, झाकणं घट्ट ठेवा, सोडा आत गेला तर ॲसिड मरते. मग साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा.

आता खरं काम, उभ्या गाडीत किती करंट जाते ते मोजायचं. साधा डिजिटल मीटर तीन-पाचशे रुपयांत मिळते, ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्याच्या घरी तो पाहिजेच असं माझं मत आहे. चिमट्याचा क्लॅम्प मीटर घेत असाल तर डीसी अँपिअर मोजणारा घ्या, स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात, ते घरच्या मोटारपंपाला ठीक, गाडीला काही कामाचे नाहीत.

लाल कांडी मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात घाला, चकती पण दहा अँपिअरवर. चावी काढा, सगळे लाईट, टेप बंद, दरवाजे बंद. बोनेट उघडं ठेवायचं. कारमध्ये दरवाजा उघडा ठेवून काम करायचं असलं तर दरवाजाचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरनं खटकन लावून घ्या म्हणजे गाडीला वाटते दरवाजा बंद आहे, नाहीतर आतला दिवा जळत राहतो आणि तुम्ही त्याचाच करंट मोजत बसता. मग मायनसची तार बॅटरीवरून काढा आणि मीटरची एक कांडी बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी काढलेल्या तारेच्या लगवर, म्हणजे टोकावरच्या कडीवर. म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाते. मीटर अँपिअरवर असताना कांड्या चुकूनही प्लस आणि मायनसवर लावू नका, तो सरळ शॉर्ट आहे. आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाईट लावायचे नाही, सेल्फ शेकडो अँपिअर ओढते, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच जाईल.

आता थांबा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटर नसते, तिथं आकडा लगेच खरा असते आणि तो शून्य किंवा शून्याच्या जवळ पाहिजे. पण ज्या गाडीत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉक, डॅशबोर्डवर डिजिटल मीटर आहे ती तार जोडल्याबरोबर जागी होते, दोन-चार अँपिअर दाखवते आणि मग टप्प्याटप्प्यानं झोपत जाते. वीस-तीस मिनिटं, काही गाड्यांत तासाच्या जवळपास लागते. चावी जवळ असली की जागी राहणाऱ्या गाड्या आहेत, चावी घरात नेऊन ठेवा. झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या खाली आला, म्हणजे मीटरवर ०.०५ च्या आत, तर सगळं ठीक. ०.१ च्या वर राहिला तर शोधायला लागा.

शोधायचं कसं, तर फ्यूज. एक माणूस मीटरवर नजर ठेवते, दुसरा एक एक फ्यूज काढते आणि परत लावते. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली आला तिथं चोर. नव्या गाडीत फ्यूज काढला-लावला की ती परत जागी होते आणि गोंधळ उडते, म्हणून तिथं दुसरी रीत आहे. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर कांड्या टेकवा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही जात नाही, थोडंही दिसलं तर जाऊन राहिलं. फ्यूज न काढता पूर्ण डबा पाच मिनिटांत तपासून होते.

एक उदाहरण सांगतो. जिनिंगला कापूस नेणारी एक पिकअप आली होती. मालक म्हणे, "रोज चालवली तं काईच नाई, सणावारात चार-पाच दिवस उभी राह्यली का मेली, दुसरी बॅटरी हाय ही." म्हणजे हिशोबानं तीनशे ते पाचशे मिलिअँपिअरचा मामला. मीटर लावला, अर्ध्या तासानं ०.४१ वर येऊन थांबला. पोरानं फ्यूज काढायला सुरुवात केली, एक, दोन, पाच, आख्खा डबा रिकामा झाला तरी ०.४१. मालकाचा चेहरा उतरला. पण हे उलट चांगलं असते, याचा अर्थ एवढाच की करंट फ्यूजच्या डब्यातून जातच नाही, बॅटरीवरून सरळ कोणीतरी तार ओढली आहे. प्लसच्या लगखाली पाहिलं तर जाड तारेसोबत एक बारीक लाल तार, काळी टेप गुंडाळलेली, बोनेटच्या कडेनं आत गेलेली. ती धरून धरून गेलो तर सीटखाली ॲम्प्लिफायर. टेप बंद केला तरी ॲम्प्लिफायरचा बारका हिरवा दिवा जळून राहिला होता, पण तो खालच्या बाजूनं असल्यामुळं दिसत कोणालाच नव्हता. ॲम्प्लिफायरला चालू-बंदचा इशारा देणारी जी तार टेपच्या निळ्या तारेला जोडायची असते ती बसवणाऱ्यानं सरळ कायमच्या करंटला जोडून दिली होती. निळ्या तारेवर नेऊन जोडली, मीटर ०.०२. बॅटरी तीच ठेवली, चार्ज करून दिली.

टेपच्या बाबतीत अजून एक ठरलेली गोष्ट, बाहेरून बसवलेल्या टेपची पिवळी तार कायमच्या करंटला असते, घड्याळ आणि स्टेशन लक्षात ठेवायला, आणि लाल तार चावीच्या करंटला. बसवणारा घाईत दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला देऊन टाकतो म्हणजे चावी काढली तरी गाणं वाजते. मालक खूश, बॅटरी नाराज. ट्रॅक्टरवर डीजेसारखे साऊंड बसवणाऱ्या पोट्ट्यांनी हे जरूर तपासा. जीपीएस ट्रॅकर, कॅमेरा, रिव्हर्सचा हॉर्न, यूएसबी चार्जर, कंपनीतून न आलेली प्रत्येक वस्तू पहिले तपासायची, मूळ वायरिंग नंतर.

आता ट्रॅक्टरवाल्यांसाठी खास. ट्रॅक्टर उभा करताना आपण ब्रेकचं पेडल दाबून त्याला कडी अडकवतो, बरोबर? पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये ब्रेक लाईटचा करंट चावीतून येत नाही, किंवा कोण्या वायरमननं नंतर तसा करून ठेवला असते. म्हणजे कडी अडकवली की मागचे ब्रेक लाईट चालूच. दिवसा उन्हात दिसत नाही, लाल काचेवर मातीचा थर असते तो वेगळा. २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर. संध्याकाळी सातला लावला, सकाळी पाचला काढायला गेला, दहा तासांत ३५ एएच साफ. आणि ट्रॉलीची पिन जोडलेली असली तर ट्रॉलीचे बल्ब पण त्यात. याच्यासाठी मीटर पण नको, अंधार पडल्यावर टॉर्च न घेता ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा, एवढंच. ट्रॉलीच्या सॉकेटमध्ये चिखल-पाणी गेलं असलं तरी करंट झिरपते, पावसाळ्यात तिचं झाकण लावत जा.

डायनामोचा चोर सगळ्यात हुशार. लोक डायनामो म्हणतात पण आता असते अल्टरनेटर, त्याच्यात डायोड असतात जे करंट बॅटरीकडं जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत. एखादा डायोड फुटला की रात्रभर करंट उलटा डायनामोत. फ्यूज काढून हा सापडत नाही, कारण ती जाड तार बहुतेक सरळ बॅटरीला असते. एक सोपी खूण सांगतो, रातभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरजवळ पहाटे जा, इंजिनला हात लावा, थंडगार असते, मग डायनामोच्या मागच्या बाजूला हात लावा. तो कोमट लागला तर दुसरा पुरावा नको. तरी खात्री करायची असली तर मायनस काढा, डायनामोचा जाड तारेचा नट खोला, तार बाजूला घेऊन टोकाला टेप गुंडाळा, मग मायनसमध्ये परत मीटर लावा. आधी दीड-दोन अँपिअर होता आणि आता शून्य झाला तर डायोड प्लेट बदलायची, बॅटरी नाही. असा डायनामो कधी कधी चार्जिंग पण बऱ्यापैकी करत असते, म्हणून वायरमन पण फसतात, "चार्जिंग तं ठीक हाय" म्हणून सोडून देतात.

आणि हे डायोड जातात काऊन? त्याचं एक कारण आपल्या गावागावात आहे आणि मला ते कळकळीनं सांगायचं आहे. एका ट्रॅक्टरची बॅटरी बसली की चालू ट्रॅक्टरची बॅटरी खोलून इकडं आणतात, हा चालू करतात, मग चालू इंजिनवरच बॅटरी काढून परत तिकडं नेतात. वावरात पेरणीच्या घाईत सर्रास चालते हे. चालू इंजिनवर बॅटरी काढली की डायनामोचं व्होल्टेज एकदम उसळते, झेलायला बॅटरीच नसते, आणि डायोड, कटआऊट, नव्या ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकते. राजेहो, असं करू नका. जंपर केबल ठेवा घरी, जाड तांब्याची. चांगल्या बॅटरीचा प्लस ते उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्याचा मायनस ते उतरलेल्या गाडीच्या इंजिनची कोरी लोखंडी जागा, बॅटरीपासून जरा दूर, म्हणजे ठिणगी गॅसजवळ पडत नाही. चालू झाली की उलट्या क्रमानं काढा.

बाकीचे छोटे चोर पटापट सांगतो. डिझेल जीप-पिकअपमध्ये हीटर प्लगची रिले चिकटली तर ती पुष्कळ करंट ओढते, गाडी बंद करून अर्ध्या तासानं रिलेच्या डब्या एकेक हातानं चाचपा, गरम लागली ती पहा. डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा, आत मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून झाकण बंद करा, नंतर व्हिडिओत पहा बंद होते का नाही. उंदीर. आपल्याकडं ट्रॅक्टर आणि कुटाराची गंजी शेजारी शेजारी, उंदीर बोनेटमध्ये घरटं करतात आणि वायरीचं प्लास्टिक कुरतडतात, मग पाऊस पडला, दमट झालं की उघडी तार बॉडीला चिकटून करंट झिरपते आणि उन्हात वाळलं की बंद. बॅटरी कधी उतरते कधी नाही, काही ताळमेळच लागत नाही अशी तक्रार असली आणि ती पाऊसपाण्याच्या दिवसांत जास्त असली तर मी पहिले वायरीचा जुडगा सोडवून पाहतो.

मीटर अजिबात नसलं तर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन तारा काढा आणि मीटरच्या जागी मायनसमध्ये तो जोडा. चांगला पेटला तर मोठा चोर आहे, मग फ्यूज काढत जा, बल्ब विझला की सापडला. पण शे-दोनशे मिलिअँपिअरवर तो पेटत नाही, म्हणून बल्ब विझलेला आहे म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. जुन्या ट्रॅक्टरला ही रीत चालते, कॉम्प्युटरवाल्या गाडीला नको.

सगळं तपासलं, काहीच चोर नाही, तरी उन्हाळ्यात दोन महिने उभा ट्रॅक्टर बसलाच, तर तो उन्हाचा हिशोब आहे. बॅटरी कुठंही न जोडता ठेवली तरी आपोआप थोडी उतरते, आणि उष्णता वाढली की हे उतरणं फार वाढते, मोटामोटी दर दहा डिग्रीला दुप्पट धरा. आपल्याकडं अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या शेडखाली तर विचारू नका. पाणी पण उडते, प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी झाकण उघडून पहा, प्लेटांच्या वर बोटभर पाणी पाहिजे, कमी असलं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, विहिरीचं नाही, आपल्या बऱ्याच भागात पाण्यात क्षार भरपूर आहेत, ते प्लेटा खातात. ॲसिड तर वरून कधीच टाकायचं नाही.

महिनाभर गाडी हलणार नसली तर मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्यानं काही भरत नाही, सेल्फनं ओढलेलं पण परत येत नाही, करायचंच तर रेस ठेवून पाऊण तास तरी चालवा. रोज पाना घेऊन तार काढायचा कंटाळा येत असला तर मायनसच्या तारेत कटऑफ स्विच बसवून घ्या, चावीसारखा फिरवायचा मिळते. घेताना जाड, पितळी किंवा तांब्याच्या खुंट्यांचा घ्या, सेल्फचा पूर्ण करंट त्याच्यातून जातो, हलका घेतला तर सेल्फ मारताना तोच तापते. फिरवायचा फक्त इंजिन बंद झाल्यावर, चालूवर फिरवला तर डायोडचं तेच होईल जे वर सांगितलं. आणि कटऑफ बसवून चोर तसाच सोडायचा असेल तर कमीत कमी त्या जागेची तार एकदा डोळ्यांनी पाहून घ्या की कुठं घासून उघडी तर नाही पडली, कारण तिथून प्लस बॉडीला चिकटला तर नुसती बॅटरी जात नाही, बोनेटखाली आग लागते.